साठवण प्रकल्प: मिररमधल्या दोन प्रती आणि एक बिट

१ जून २०२५, रविवार

फेब्रुवारीतला एक फोटो आज उघडला. वरचा तिसरा हिस्सा ठणठणीत, त्याखाली सगळं राखाडी. आजूबाजूचे फोटो ठीक आहेत. कार्डवरून उतरवताना हाच फोटो पूर्ण दिसला होता, हे नक्की आठवतं.

सध्याची मांडणी आधी लिहून ठेवतो. ४ टीबीच्या दोन डिस्क, लिनक्सच्या एमडीवर (अनेक डिस्क एकत्र चालवणारी सोय) रेड-१ म्हणजे मिरर, दोन्ही डिस्कवर तोच मजकूर; त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. त्यात २.९ टीबी माल: फोटो, ध्वनिमुद्रणं, कागदपत्रांचे स्कॅन, थोडे व्हिडिओ. यातलं २.७ टीबी जानेवारीत एका जुन्या ४ टीबी डिस्कवरून इकडे आणलं आणि जुनी डिस्क कपाटात ठेवली. त्यानंतर बॅकअप एकदाही नाही. मिरर आहेच, घाई काय, असं म्हणत पाच महिने गेले.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दोन डिस्क होत्या ना तुझ्याकडे? मग एकीवर तरी नीट असेल की!" प्रश्न रास्त आहे. एमडीला 'चेक' लावून ठेवलाय, दोन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत ताडून बघायला. सात-आठ तास लागतील.

२ जून

चेक संपला. न जुळणारे सेक्टर: शून्य. दोन्ही डिस्कवर तोच अर्धा राखाडी फोटो आहे, बिटागणिक सारखा.

मग डिस्कवरचा संशय. 'स्मार्ट'चे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे पाहिले: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले), १९८ (दुरुस्त न झालेले). दोन्ही डिस्कवर तिन्ही शून्य. १९९, म्हणजे केबलवरच्या चुका, तोही शून्य. शिवाय दोन वेगवेगळ्या डिस्क एकाच फाइलमध्ये एकाच जागी एकसारख्या बिघडणं जवळपास अशक्य. चूक डिस्कपर्यंत पोचण्याआधीच झाली असणार आणि मिररने तिच्या इमानेइतबारे दोन प्रती काढल्या.

तो फोटो जानेवारीनंतरचा, त्यामुळे कपाटातल्या डिस्कवर नाही. पण बाकीचं सगळं आहे. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि दोन्हीकडच्या फायलींचे शा-२५६ (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढायला लावले.

४ जून

निकाल आला. ५७ फायली जुळत नाहीत.

सगळ्या 'सीएमपी'ने बाइटागणिक ताडल्या. ५७ फायलींत मिळून ६१ बाइट वेगळे. एवढंच असतं तर हळहळून सोडून दिलं असतं, पण आकडे समोर मांडल्यावर झोप उडाली. पहिली जोडी: जुन्या डिस्कवर १४१, नव्यावर १०१ (सीएमपी अष्टमान आकडे देतो). दुसरी: १६३ आणि १२३. तिसरी: ०५२ आणि ०१२. प्रत्येक ठिकाणी फरक अष्टमान ४०, दशमान ३२. म्हणजे एकच बिट, आणि प्रत्येक वेळी १ चा ० झालेला. ० चा १ एकदाही नाही.

आणि त्या जागा! फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर (सीएमपी एकपासून मोजतो म्हणून एक वजा करून) ४०९६ ने भागलं, तर बाकी ६१ पैकी ६१ वेळा २६९४.

डिस्कला ४०९६ च्या आत ठराविक जागी चूक करण्याचं काही कारण नाही. रॅमला आहे. फाइल वाचताना-लिहिताना कर्नल (लिनक्सचा गाभा) ती ४०९६ बाइटांच्या पानांत मांडतो. रॅममधली एखादी पेशी दुबळी असेल, तर ज्या फाइलचा तुकडा त्या पानावर येईल, त्याचा नेमका तोच बाइट, तोच बिट पडणार.

५ जून

मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, रात्रभर चालवली. तिसऱ्या फेरीत लाल ओळी. पत्त्याचा शेवट षोडशमान ए८०, आणि आठ बाइटांच्या त्या शब्दात सातव्या बाइटाचा एक बिट पडलेला. म्हणजे बाइटाचा पत्ता ए८६. दशमानात २६९४.

अशी जुळणी रोज होत नाही. चूक माझीच असली, तरी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

दोन पट्ट्यांपैकी सदोष पट्टी काढली. उरलेल्या ८ जीबीवर मेमटेस्टच्या चार फेऱ्या स्वच्छ.

इथे स्वतःलाच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण आता हात शिवशिवतोय लगेच झेडएफएस, म्हणजे मजकुराचेही चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम, बसवायला. या प्रसंगात झेडएफएसही मला वाचवू शकला नसता. चेकसम, म्हणजे मजकूर पडताळायचा आकडा, काढला जातो तो रॅममध्ये आलेल्या मजकुराचा. मजकूर त्याआधीच बिघडला असेल, तर बिघडलेल्याचाच चेकसम निघतो, आणि पुढे जन्मभर तो बरोबर जुळत राहतो. रॅमवरचा इलाज ईसीसी जातीची रॅम: एक बिट चुकला तर ती दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडते. झेडएफएसला ईसीसी लागतेच असं म्हणतात ते तितकं खरं नाही, तिची गरज ईएक्सटी४ला जेवढी तेवढीच त्यालाही. पण आज मला कोणी विचारलं तर मी 'लागतेच' म्हणेन.

मग फाइल सिस्टिम बदलायचीच कशाला? कारण 'चेक'चा तो शून्य अजून डोक्यातून जात नाही. समजा, तो शून्य आला नसता. दोन प्रती वेगळ्या निघाल्या असत्या. तर खरी कोणती, हे एमडीने कशावरून ठरवलं असतं?

७ जून

वाचन. १९८८ साली बर्कलीतल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा निबंध मांडला, तेव्हा त्यातल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे स्वस्त असा होता. 'इंडिपेन्डंट' नंतर आलं. त्या रचनेत एक गृहीत आहे: डिस्क बिघडली की ती तसं सांगते. एकतर मजकूर देते, नाहीतर 'वाचता येत नाही' म्हणते. चुकीचा मजकूर बरोबर म्हणून देणारी डिस्क त्या चित्रात नाही.

असं खरंच होतं का? २००८ मध्ये 'फास्ट' या साठवणविषयक परिषदेत आलेला एक अभ्यास यावर पुरेसा बोलका आहे. १५ लाख ३० हजार डिस्क, ४१ महिने, चेकसम न जुळण्याचे चार लाखांहून जास्त प्रसंग. आपण घरी वापरतो त्या जातीच्या डिस्कवर हे प्रमाण महागड्या डिस्कपेक्षा कितीतरी जास्त होतं.

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टिम चेकसम ठेवतात, पण स्वतःच्या नोंदींचे: कुठली फाइल कुठे, कोणती जागा मोकळी वगैरे. फाइलच्या आतल्या मजकुराचे नाही. माझ्या कपाटात वस्तूंची यादी बिनचूक आहे, वस्तूंचं काय झालं ते यादीला माहीत नाही.

८ जून, रविवार

प्रयोगाचा दिवस. खऱ्या डिस्कना हात न लावता ४ जीबीच्या दोन फायली बनवून त्यांना लूपवर डिस्क म्हणून उभं केलं. त्यावर एमडीचा मिरर, ईएक्सटी४, आणि आत ११ फायली, शा-२५६च्या यादीसह. मग मिरर थांबवून पहिल्या 'डिस्क'च्या मधोमध २०० एमबी कचरा ओतला. डिस्क जिवंत, वाचनात अडचण नाही, फक्त मजकूर खोटा.

मिरर पुन्हा उभा केला. एमडीची काही तक्रार नाही. फायलींचे शा काढले तर ४ चुकल्या. कॅश रिकामी करून पुन्हा काढले तर ३, आणि त्यातली एक मघाशी बरोबर असलेली! वाचायला कोणती डिस्क घ्यायची हे एमडी आपल्या सोयीने ठरवतो, त्यामुळे फाइल खरी मिळणार की खोटी हे वेळेवर अवलंबून. माझ्या फोटोपेक्षाही हे वाईट. तो निदान सातत्याने राखाडी होता.

'चेक' लावला. आता न जुळणाऱ्या सेक्टरांचा मोठा आकडा आला. नाव आशादायक आहे म्हणून 'रिपेअर' लावला. आकडा शून्यावर आला. आणि फायली? ६ कायमच्या गेल्या.

कारण सरळ आहे. मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या, तर एमडी पहिली वाचता आलेली प्रत खरी मानून दुसरीवर उतरवतो. मी कचरा ओतला होता पहिल्या डिस्कवर. दुसरीवरची चांगली प्रत त्याने स्वतःच्या हाताने पुसली. यात एमडीचा दोष नाही. दोन साक्षीदार वेगवेगळं सांगताहेत आणि तिसरा पुरावाच नाही, तर तो तरी काय करणार? 'रिपेअर' या शब्दाचा अर्थ 'सारखं करणं' असा आहे, 'बरोबर करणं' असा नाही, हे मात्र कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

एमडीच्या खाली डीएम-इंटेग्रिटीचा थर देऊन ही उणीव भरता येते. तो थर सेक्टरागणिक चेकसम ठेवतो, आणि न जुळल्यास वाचनाची चूक म्हणून वर कळवतो. मग एमडीला कळतं की दुसऱ्या डिस्ककडे जायचं. पण नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक लेखन आधी त्याच्या जर्नलमध्ये आणि मग जागेवर, म्हणजे दोनदा. थरावर थर, आणि रात्री दोन वाजता डिस्क गेली तर हे सगळे थर मलाच उलगडायचे.

९ जून

तोच प्रयोग झेडएफएसवर. दोन लूप, मिरर, त्याच ११ फायली, पहिल्या डिस्कवर तेवढाच कचरा. शा काढले तर ११ पैकी ११ बरोबर. 'झेडपूल स्टेटस'मध्ये पहिल्या डिस्कपुढे चेकसमच्या चुकांचा आकडा चढलेला. नुसतं वाचतानाच त्याने खोटे ब्लॉक ओळखले, दुसऱ्या डिस्कवरून खरे आणले आणि पहिलीवर दुरुस्त करून ठेवले. उरलेले स्क्रबने, म्हणजे सगळं वाचून चेकसम ताडणाऱ्या फेरीने, निस्तरले. ज्ञात चुका: शून्य.

यातली खुबी चेकसम कुठे ठेवतात यात आहे. ब्लॉकचा चेकसम ब्लॉकशेजारी नसतो, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. त्या वरच्याचा त्याच्याही वर, असं मुळापर्यंत. त्यामुळे डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं आणि लिहिलंच नाही, किंवा भलत्याच जागी लिहिलं, तरी पकडलं जातं. शेजारी ठेवलेला चेकसम अशा वेळी जुन्या मजकुराशी गुण्यागोविंदाने जुळला असता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत २००१ साली या कामाला सुरुवात झाली आणि २००५ मध्ये ते खुलं झालं.

संध्याकाळी बीटीआरएफएस, मजकुराचे चेकसम ठेवणारी दुसरी फाइल सिस्टिम. तिथेही ११ पैकी ११. चेकसम साधा सीआरसी-३२सी, पण या कामाला पुरतो. कर्नलमध्येच असल्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही, वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क चालतात, आणि डिस्क वाढवणं, काढणं, मांडणी बदलणं हे सगळं चालू स्थितीत होतं. यातलं शेवटचं झेडएफएसला आजही इतकं मोकळेपणाने जमत नाही. बीटीआरएफएसचं रेड-५/६ (पूर्ण प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे गेलेलं पुन्हा काढता येईल असा जोडमजकूर) मात्र चालू माल ठेवण्याजोगं नाही, हे त्याचे कर्तेच सांगतात. आणखी एक गमतीची गोष्ट: तीन डिस्क दिल्या तरी त्याचं रेड-१ दोनच प्रती ठेवतं. तीन हव्या असतील तर रेड१सी३, ते कर्नल ५.५ पासून.

एक लूप काढून माउंट केलं तर नकार. 'डिग्रेडेड' हा पर्याय हाताने द्यावा लागतो. तत्त्व म्हणून बरोबर आहे: एक प्रत गेली हे माणसाला कळलं पाहिजे. पण रूट, म्हणजे यंत्राची मूळ प्रणाली, त्यावर असेल तर यंत्र सुरूच होत नाही, आणि पहिल्यांदा अनुभव येतो तेव्हा घाम फुटतो.

१० जून

स्नॅपरेडही पाहिलं. साध्या स्वतंत्र डिस्क, वेगळ्या डिस्कवर पॅरिटी, आणि आपण सांगू तेव्हाच ती ताजी करायची. मोठ्या, न बदलणाऱ्या फायलींच्या ढिगाला छान. एखादी डिस्क पॅरिटीच्या आवाक्याबाहेर गेली तरी बाकीच्या डिस्कवरच्या फायली तशाच वाचता येतात, हा दिलासा दुसरीकडे नाही. पण दोन सिंकच्या मधलं काम उघड्यावर, आणि माझी मुद्रणं संपादित होत असतात. नको.

१२ जून

निर्णय. मुख्य यंत्रात ८ टीबीच्या दोन नव्या डिस्क, झेडएफएस मिरर. मदरबोर्ड बदलून ईसीसी घेणारा.

चार डिस्कचा मोह बराच वेळ होता. चार डिस्कवर दोन मिररजोड्या किंवा रेडझेड-२ (झेडएफएसची दुहेरी पॅरिटी), जागा दोन्हीकडे निम्मीच मिळते. रेडझेड-२ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. जोड्यांत पहिली गेल्यावर उरलेल्या तिनांपैकी एक विशिष्ट डिस्क गेली की सगळं गेलं. उलट जोड्यांत नवी डिस्क भरणं सोपं आणि जलद, आणि वाढवायचं तर आणखी एक जोडी. रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून, याच जानेवारीत आली. पण २.९ टीबीसाठी चार डिस्क एकाच पेटीत कोंबून करायचं काय? एक पॉवर सप्लाय भडकला तर चारही जातील. त्यापेक्षा दोन इथे आणि बाकीच्या दुसरीकडे.

म्हणून: सध्याच्या ४ टीबीच्या दोहोंपैकी एक ताईकडच्या जुन्या यंत्रात. तिच्यावर झेडएफएस, आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) पाठवून ती अद्ययावत. दुसरी साधी ईएक्सटी४, शा-२५६च्या यादीसह, कपाटात, विजेपासून तोडलेली. तिसरी प्रत मुद्दाम वेगळ्या फाइल सिस्टिमवर ठेवतोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये झेडएफएसमध्येच एक जुना दोष उघडकीला आला होता. नुकत्याच लिहिलेल्या फाइलची लगेच प्रत काढली, तर क्वचित प्रसंगी प्रतीत मजकुराच्या जागी शून्यं येत, आणि चेकसम अर्थातच त्या शून्यांचा निघे. २.२.२ आणि २.१.१४ मध्ये दुरुस्त झाला. पण सगळी अंडी एकाच कोंबडीखाली नकोत.

बीटीआरएफएसनेही माझं भागलं असतं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. झेडएफएसकडे झुकलो ते दोन कारणांनी: 'झेडपूल स्टेटस' काय बिघडलंय आणि पुढे काय करावं ते सरळ वाक्यात सांगतो, आणि मोकळी जागा किती या प्रश्नाला एकच उत्तर देतो.

डिस्क निवडताना एकच अट पाळली: एसएमआर नको. त्यात चुंबकी पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे मधलं थोडं बदलायचं तरी पुढचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात कळत नाही, पण नवी डिस्क भरून काढताना दिवसच्या दिवस जातात. शिवाय दोन डिस्क वेगवेगळ्या बनावटीच्या घेतल्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या एकदम मरायला नकोत.

१५ जून

डिस्क आल्या. भरवसा ठेवण्याआधी छळ. 'बॅडब्लॉक्स' लिहिण्याच्या पद्धतीने लावला तर लगेच नकार: ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही. मुळात तो १०२४ बाइटांचा ब्लॉक धरतो आणि ८ टीबीत असे पावणेआठ अब्ज होतात. ४०९६ चा सांगितल्यावर गाडी सुरू. चार नमुने, प्रत्येक लिहून परत वाचायचा, म्हणजे आठ फेऱ्या. एका फेरीला साधारण साडेबारा तास.

२० जून

दोन्ही डिस्क पास. स्मार्टचे आकडे कोरे. तापमान एकीचं चार अंशांनी जास्त, पंखा सरकवला.

पूल, म्हणजे झेडएफएसचा डिस्कसमूह, बनवला. ॲशिफ्ट १२, म्हणजे ४०९६ बाइटांचा सेक्टर धरून. डिस्क जुन्या सवयीने ५१२ सांगतात, आणि हा आकडा एकदा चुकला की नंतर बदलता येत नाही, सगळं मोडून पुन्हा. डिस्कची नावं एसडीए-एसडीबी अशी न देता अनुक्रमांकावरून दिली, आणि तेच क्रमांक कागदावर लिहून डिस्कच्या पुढच्या कडेला चिकटवले. पूल म्हणेल अमुक डिस्क गेली, तेव्हा पेटीत हात घालून कुठली ओढायची हे दिसायला नको? एलझेड४ कॉम्प्रेशन चालू, ॲक्सेसची वेळ लिहिणं बंद, मोठ्या फायलींसाठी रेकॉर्ड १ एमबी. डीडुपला (सारखा मजकूर एकदाच ठेवण्याची सोय) हात लावला नाही. रॅम खातं आणि माझ्या मालात दुहेरी असं काही नाही.

२२ जून

माल हलवला. जानेवारीपर्यंतचं कपाटातल्या जुन्या डिस्कवरून, त्यानंतरचं मिररवरून. हलवल्यावर सगळ्याचे शा पुन्हा काढून यादीशी ताडले. जुळले. ५७ फायली मूळ रूपात परत आल्या.

२३ जून

पहिला स्क्रब. एका डिस्कवर चेकसमच्या तीन चुका, दुरुस्त. नवीकोरी डिस्क! स्मार्ट पाहिला: ५ आणि १९७ शून्य, १९९ मात्र ० वरून १८. म्हणजे डिस्क नाही, केबल. पंखा सरकवताना मीच ओढली असणार. केबल बदलली, आकडे साफ केले, पुन्हा स्क्रब लावला. शून्य. जुन्या मांडणीत हे मला कधीच कळलं नसतं.

२८ जून

रंगीत तालीम. यंत्र चालू असताना एका डिस्कची केबल काढली. स्टेटस 'डिग्रेडेड', दहा सेकंदांत मेल. त्या अवस्थेत ४० जीबी लिहिलं, केबल परत जोडली. फक्त मधल्या काळात बदललेलं भरलं, पाच मिनिटांत काम संपलं.

मग खरी कसोटी: एक डिस्क पूर्ण पुसून नवी म्हणून दिली. साडेपाच तास लागले. झेडएफएस वापरलेलेच ब्लॉक भरतो. एमडीने मोकळ्या जागेसकट आठही टीबी भरले असते, म्हणजे बारा तासांवर. एवढा वेळ मी एकाच प्रतीवर जगत होतो, हे मनात ठेवून हे मुद्दाम आत्ताच केलं, जुन्या डिस्क अजून शाबूत असताना.

५ जुलै

आता उरलेला हिशेब. २.७ टीबीत ५७ फायली बिघडल्या. जानेवारीनंतर आलेलं सुमारे १८० जीबी. त्याच दराने त्यातल्या चारेक बिघडलेल्या असाव्यात. एक माहीत आहे, तो राखाडी फोटो. बाकीच्या शोधायला मूळ प्रत नाही.

पण काही स्वरूपं स्वतःचा पुरावा स्वतःजवळ बाळगतात. फ्लॅक या ध्वनिफायलीच्या मथळ्यात मूळ ध्वनीचा एमडी५ (शा-२५६सारखाच ठसा) असतो आणि प्रत्येक चौकटीच्या शेवटी सीआरसी हा चेकसम. पीएनजीत प्रत्येक तुकड्याला सीआरसी-३२, झिपमध्ये प्रत्येक फाइलला. जेपेग आणि वेव्हमध्ये काहीच नाही. जानेवारीनंतरची सगळी फ्लॅक तपासली: दोन नापास. पीएनजी स्कॅन सगळे पास.

नापास मुद्रणं समोर ठेवून बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं की चूक कशी आहे ते मला तंतोतंत माहीत आहे! सीआरसी चौकट दाखवतो. चौकट नऊ-दहा हजार बाइटांची. त्यात ४०९६ ने भागून बाकी २६९४ येईल अशा जागा दोन किंवा तीन. त्या बाइटात ३२ चा बिट ० असला पाहिजे. पहिल्या फाइलमध्ये दोन जागा, दुसऱ्या जागेचा बिट १ केला, एमडी५ जुळला. दुसऱ्या फाइलमध्ये पहिल्याच फटक्याला. एमडी५ जुळला याचा अर्थ अंदाज नाही, मूळ ध्वनीच परत आला.

६ जुलै

हुरूप आला म्हणून फोटो घेतला. जेपेगमध्ये सीआरसी नाही, पण राखाडी कुठून सुरू होतं ते दिसतं. त्याच्या आगेमागे फाइलमधला सुमारे सहा टक्के भाग धरला. त्यात बाकी २६९४ च्या ६७ जागा, आणि बिट ० असलेल्या ३१. छोट्या स्क्रिप्टने ३१ फोटो बनवले आणि लहान करून एका पानावर मांडले. तीस राखाडी, हिरवट, जांभळट. एकविसावा पूर्ण.

ताईला पाठवला. तिचं उत्तर: "यात काय बिघडलं होतं?"

१३ जुलै

महिन्याचा दुसरा रविवार. डेबियन या माझ्या लिनक्सने ठरल्याप्रमाणे आपणहून स्क्रब लावला. शून्य.

१९ जुलै

ताईकडे यंत्र बसवलं. पहिला पूर्ण स्नॅपशॉट इथूनच डिस्कवर घालून नेला, आता रोज रात्री फक्त फरक जातो. काहीही बदललं नाही अशा दिवशी काही किलोबाइट. तिला सांगून ठेवलं की या डब्याचा दिवा हिरवा असला की बास. ती म्हणाली, "आणि नसला तर?" नसला तर मेल मला येतो.

कपाटातल्या ईएक्सटी४ डिस्कवर रूट या प्रशासक-खात्यासाठी राखून ठेवलेली ५ टक्के जागा सोडवली. ४ टीबीत ती २०० जीबी होते आणि निव्वळ मालाच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चौथी फाइल सापडलेली नाही. जानेवारीनंतरचे सगळे फोटो डोळ्यांनी पाहून झाले, एकेक. कुठे राखाडी नाही. एखाद्या व्हिडिओतल्या एका चौकटीत असेल, एखाद्या वेव्हमध्ये कानाला न कळणारा टिचका असेल, किंवा हिशेब सरासरीचा असल्यामुळे ती नसेलही. बिट फाइलच्या अशा कोपऱ्यात पडला असेल जिथे तो कोणी वाचतच नाही, हेही होऊ शकतं.

आजचा स्क्रब पहाटे संपला. २.९ टीबी वाचलं, दुरुस्त ०, चुका ०. ती चौथी असलीच, तर तीही या शून्यात धरून. तिचा चेकसम आता मिररच्या दोन्ही डिस्कवर आणि ताईकडे बरोबर जुळतोय.